मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत आपण कुठे आहोत?

जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या माणसाला पक्षकाराची पुढची तारीख पाहण्यासाठी आता बेलिफाच्या मागे फिरावे लागत नाही. संगणकावर दाव्याचा क्रमांक टाकला की तारीख दिसते. ही केस इन्फर्मेशन सिस्टीम पुण्याच्या राष्ट्रीय सूचना केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारावर तयार केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातल्या जिल्हा न्यायालयांसाठी उबंटू ही मुक्त प्रणाली स्वीकारली. म्हणजे मोहाडी किंवा लाखांदूरच्या शेतमजुराच्या दाव्याची नोंद ज्या सॉफ्टवेअरवर होते, ते कोणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नाही. हे आपल्या किती वकिलांना ठाऊक आहे? मलाही अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते. माझ्या भाचीने सांगितले तेव्हा कळले.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकटचे सॉफ्टवेअर नव्हे. सॉफ्टवेअर ज्या आज्ञावलीतून बनते ती मूळ आज्ञावली कंपन्या लपवून ठेवतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी याविरुद्ध काम सुरू केले आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना आणला. कायद्याचा विद्यार्थी म्हणून या परवान्याचे मला मोठे कौतुक वाटते. जो कॉपीराइट कायदा ज्ञानाला कुलूप लावण्यासाठी वापरला जात होता, त्याच कायद्याचा आधार घेऊन त्यांनी असे बंधन घातले की ही आज्ञावली कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत वाटणाऱ्याने पुढच्यालाही हेच अधिकार द्यावेत, मध्येच कुलूप लावू नये. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर वाचण्याचीच बंदी होती, त्यांना या परवान्यातले 'वाचण्याचे स्वातंत्र्य' हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

मग या चळवळीच्या परिषदांना आपली माणसे किती जातात? पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत २००३ पासून अनेक वर्षे 'ग्नूनिफाय' नावाची परिषद विद्यार्थी आणि पुण्याचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट मिळून भरवत असत. आज बंगळुरूला 'इंडियाफॉस' भरते. काहींना वाटते, सगळे काम इंटरनेटवरच होते, तर तिथे जायचे कशाला? इथेच आपली फसगत होते. आज्ञावलीत सुधारणा कोणीही पाठवू शकतो हे खरे. पण ती स्वीकारायची की नाही हे त्या प्रकल्पाचे काही जुने जाणते ठरवतात. अनोळखी नावाने आलेली दुरुस्ती महिनोन्महिने पडून राहते. परिषदेत चहाच्या टेबलावर ज्याच्याशी बोलणे झाले त्याची दुरुस्ती आधी उघडली जाते. कोण कोणाला ओळखतो, कोणाला काम सोपवावे, कोणाला नोकरीला बोलवावे, हे तिथे ठरते. दार उघडेच आहे असे सांगणाऱ्यांनी दारापर्यंतची वाट कोणाच्या अंगणातून जाते तेही सांगावे.

दोन वर्षांपूर्वी मी भाचीला घेऊन पुण्याला अशाच एका परिषदेला गेलो. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. दोष एकाच परिषदेचा नाही. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली की पुण्यापर्यंत अख्खा दिवस आणि जवळपास अख्खी रात्र जाते. दोघांचे जाणे-येणे, दोन रात्रींची खोली, प्रवेशशुल्क, जेवण. लाखनी तालुक्यात धानाच्या बांधीवर राबणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी एवढी रक्कम एकरकमी निघत नाही. मी वकील म्हणून निघाली. ज्या मुलीला वकील मामा नाही तिचे काय?

दारात गळ्यात अडकवायचे कार्ड मिळाले. भाचीने त्यावर फक्त आपले नाव लिहिले, आडनाव लिहिले नाही. मी विचारले तर म्हणाली, "मामा, जेवढं लागते तेवढंच लिवलं." चहाच्या वेळी एका सुशिक्षित, गोड बोलणाऱ्या तरुणाने तिला विचारले, पूर्ण नाव काय? मग, कॉलेज कोणते? मग, भंडारा म्हणजे नेमके कुठे? तीन प्रश्नांची तीन उत्तरे मिळाल्यावर त्याचा चौथा प्रश्न आला नाही. तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलले नाही. कोर्टात उभे राहून सिद्ध करावे असे त्यात काहीच घडले नाही. आपल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही.

सभागृहात सगळी भाषणे इंग्रजीत. पुण्यात, महाराष्ट्रात, निम्म्याहून अधिक माणसे आपसात मराठीत बोलत असताना व्यासपीठावर मराठीचा एक शब्द नाही. भाचीला विषय कळत होता, प्रश्नही सुचत होता. पण तीनशे माणसांत उभे राहून इंग्रजीत विचारायचा कसा? प्रश्न तिच्या वहीतच राहिला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर तो अन्याय होईल. दुसऱ्या दिवशी दुपारी एक दाक्षिणात्य गृहस्थ तिच्याजवळ बसले, आणि तिच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देण्यात त्यांनी दोन तास घालवले. ना आडनाव विचारले, ना गाव. एका मुक्त प्रणालीतले मराठी भाषांतर कसे चुकीचे आहे हे तिने दाखवले तेव्हा ते म्हणाले, मग दुरुस्त कर. तिथेच बसून तिने तीन ओळी दुरुस्त केल्या. पंधरवड्यात त्या स्वीकारल्या गेल्या आणि त्या कामाच्या नोंदीत तिचे नाव लागले. पवनीला जे प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले, त्यांच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. ज्याने जे दिले त्याचे नाव तिथे राहिले. भाचीची ती नोंद पाहताना मला पवनी आठवली, एवढेच.

या क्षेत्रातला एक लाडका सिद्धांत असा की तंत्रज्ञानाला जात नसते. संगणकाला नसेल, पण तो चालवणाऱ्याला असते! २०२० च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव केल्याचा दावा लावला. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा भाग मागे घेतला गेला, कंपनीविरुद्धचा दावा ठेवला गेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये गूगल कंपनीत थेनमोळी सौंदरराजन यांचे जातिभेदावरचे व्याख्यान ठरले होते, ते काही कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले. आपल्या वाचकांना लगेच १९३६ सालचे लाहोर आठवेल. जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि आज ते जगभर वाचले जाते.

आता मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक प्रकल्पांत आणि परिषदांत आचारसंहिता असते. त्यांतल्या पुष्कळांनी 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट' नावाचा मसुदा स्वीकारला आहे. त्याच्या २.० आवृत्तीत वंश, धर्म, लिंग असे सगळे शब्द होते, 'जात' नव्हता. २.१ आवृत्तीत तो आला. मी हा मसुदा वकिलाच्या डोळ्याने वाचला आणि मला आनंद झाला. पण भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला कागदावरच्या शब्दाचा आनंद फार वेळ टिकत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला याच जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी घडले. त्या वेळी अॅट्रॉसिटी कायदा होऊन सतरा वर्षे झाली होती. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयात आठ जण खुनासाठी दोषी ठरले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. खैरलांजीची तुलना परिषदेतल्या चहाच्या टेबलाशी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. म्हणणे एवढेच की जात कशी ओळखायची हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती जातीविरुद्धचा नियम देऊन उपयोग होत नाही. परिषदेच्या तक्रार समितीवर कोण बसले आहे? तिथे जातीचा चटका सोसलेले एक तरी माणूस आहे काय?

परिषद हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको. १९२७ च्या मार्चमध्ये महाडची परिषद रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून उभी केली. माणसे भाकरी बांधून, कित्येक तर पायी आली. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय परिषद भरली आणि तिच्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. आपल्या आज्या-पणज्या त्यात होत्या. त्यांना कोणी प्रवासभत्ता दिला नव्हता, हे खरे. पण त्या एकट्या आल्या नव्हत्या. मोहल्लाच्या मोहल्ला आला होता, आणि व्यासपीठावरचा माणूस त्यांच्या भाषेत त्यांच्याच प्रश्नावर बोलत होता. माझी भाची पुण्यात एकटी होती. मी सोबत होतो, पण मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते.

म्हणून आयोजकांना सांगणे आहे. प्रवासखर्च देता येत नाही हे कारण खरे नाही. डेबियन या मुक्त प्रणालीची जागतिक परिषद २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोचीला झाली. तिथे साधी नोंदणी मोफत असते आणि अर्ज करणाऱ्या गरजूंना प्रवास, निवास, जेवण यांसाठी मदत मिळण्याची सोय असते. एवढी मोठी परिषद हे करू शकते तर पुण्या-मुंबईच्या परिषदांनी विदर्भ-मराठवाड्यातल्या वीस मुलामुलींचे भाडे का उचलू नये? एक तरी दालन पूर्ण मराठीत का चालू नये? शिकण्याचे साहित्य मराठीत नाही ही सबबही चालणार नाही, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ध्वनिमुद्रित केलेले आहेत.

आणि आता आपल्या घरातले. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेवर एकेका मोहल्ल्यात किती पैसा उडतो, हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी जयंतीच्या विरोधात नाही. मिरवणुकीत मीही नाचलो आहे. पण त्या एका रात्रीच्या भाड्यात पाच मुले पुण्याला जाऊन येतात, पाचही एकत्र, म्हणजे चहाच्या टेबलावर त्यांना कोणाच्या चौथ्या प्रश्नाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या वकील मंडळींत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, पोरांना आधी स्पर्धा परीक्षेला बसवा, हे खूळ कशाला? त्यांची काळजी मला समजते. सरकारी नोकरीने आपली एक पिढी उभी केली. पण भरतीची जाहिरात कधी निघेल याची वाट पाहत तिशी ओलांडलेली मुले प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्या ज्येष्ठांच्या घरातलाही एक आहे.

भाचीने गावच्या विहारात दर रविवारी दुपारी दोन जुन्या संगणकांवर वर्ग सुरू केला आहे. पहिल्या रविवारी अकरा मुले आली, मग सात, मागच्या रविवारी चार. रोवणी सुरू आहे, मुली आयांसोबत बांधीत जातात. भाची म्हणते, "रोवणा आटोपला का येतीन, मामा." पण तेव्हा दोन संगणक पुरणार नाहीत. ज्यांच्या घरी, कार्यालयात जुना पण चालू स्थितीतला संगणक पडून असेल त्यांनी तो भंडाऱ्याच्या न्यायालयात माझ्याकडे आणून द्यावा. कितीही जुना असला तरी चालेल, लिनक्स त्यावर बसते. लॅपटॉप असेल तर चार्जर विसरू नये.