चष्म्याचे खापर पुस्तकावर

मुलाला चष्मा लागला, की घरातील वडीलधारी मंडळी पूर्वी दूरदर्शन संचाला दोष देत, आता मोबाइलला देतात. आरोप निराधार नाही. मात्र अपुरा आहे. सिंगापूर व सिडनी येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांचा तुलनात्मक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. निकटदृष्टिता सिंगापुरात शेकडा २९ मुलांत आढळली, सिडनीत जेमतेम तिघांत. चष्मा असलेल्या आईवडिलांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच. शिवाय पुस्तके सिडनीची मुलेच अधिक वाचत होती! मात्र ती आठवड्याला सुमारे १४ तास घराबाहेर असत. सिंगापूरची अवघे तीन.

भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामाइन स्रवते आणि नेत्रगोलाच्या अवाजवी वाढीला आळा बसतो, असे संशोधक मानतात. लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखूड होत नाही. चष्मा केवळ नजर साधून देतो. नंबर फार वाढल्यास पुढे दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही वाढतो.

चीनमधील क्वांगचौ शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर देण्यात आला. तीन वर्षांत त्यांच्यापैकी शेकडा ३० जणांना हा दोष जडला. इतर शाळांत सुमारे ४० जणांना. लाभ माफक खरा, पण खर्च जवळजवळ शून्य!

आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली, की पहिली गदा खेळाच्या तासावर येते. कित्येक शाळांना तर मैदानच नाही. शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर अंधार. अशा वेळापत्रकात नुसता मोबाइल काढून घेतल्याने मुलाच्या वाट्याला ऊन येणार कोठून?