शेततळं पावसाचं की बोअरचं?

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात ऐन शेंगा धरताना सोयाबीनने माना टाकल्या. अशा खंडात एक पाणी मिळालं तरी पीक हाती लागतं. शेततळं त्यासाठीच असतं.

हिशोब साधा आहे. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं भरलं की साधारण २२ लाख लिटर पाणी साठतं. एकरभर पिकाला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर २ लाख लिटर लागतं. निम्मं मुरलं-उडालं धरा, तरी पाच एकर भिजतं.

पण २०१६ ला ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी उलटंच झालं. कागद अंथरायचा, बोअरचं पाणी उपसून तळ्यात भरायचं आणि फळबागेसाठी उन्हाळाभर उघड्यावर ठेवायचं. त्यातलं किती तरी वाफ होऊन जातं. ज्याची मोटार मोठी त्याचं तळं भरतं, शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर आटते. यात गावाचं पाणी वाढत नाही, नुसतं एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या बांधावर जातं.

म्हणून ग्रामसभेत तळी किती झाली एवढंच विचारू नका. उताराचं पाणी किती तळ्यांत येतं, तेही विचारा.