‘राज्य’ म्हणजे कोणते राज्य?

आम्ही मराठीचे अध्यापक. आंतरराष्ट्रीय संबंध हा आमचा प्रांत नव्हे, हे आधीच मान्य करतो. तरीही त्या विषयाच्या उंबरठ्यावरचे शब्द मराठी आहेत आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी तेथेच अडखळतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला धडा ‘राज्य’ या संकल्पनेचा. १९३३च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्याची चार लक्षणे सांगितली : स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. विद्यार्थी ती घडाघडा म्हणतो. पण त्याच्या मनातले ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा. गोव्याला लोकसंख्या आहे, भूमी आहे, मंत्रिमंडळ आहे. मग अडते कुठे? अडते ते चौथ्या लक्षणावर, आणि आमच्या पाहण्यातील बहुतेक टिपणे नेमके तेच एका ओळीत उरकतात.

‘राष्ट्र’ या शब्दाची गत निराळी नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३ सदस्य ही वस्तुतः राज्ये आहेत. उलट तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया यांत विखुरलेले कुर्द स्वतःस राष्ट्र मानतात, पण त्यांना त्या संघात आसन नाही. हा भेद ज्याला उमगला नाही, त्याला वर्तमानपत्रातील निम्मे जग दिसणारच नाही.

यावर काही सहकारी म्हणतात, सरळ ‘स्टेट’ आणि ‘नेशन’ वापरा. आम्हांस हे पटत नाही. अमेरिकेतील टेक्सासही ‘स्टेट’च आहे! शब्द बदलून घोटाळा सुटत नाही, उदाहरण लागते.

आणि उदाहरण आपल्या घरात आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. पेशव्याची गादी राहिली, पुणे राहिले, महसूलही बराचसा राहिला. तैनाती फौजेच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख गेला, पण खरी हानी ती नव्हे. इंग्रजांना विचारल्यावाचून अन्य सत्तांशी बोलणी करण्याचा अधिकार गेला. चौथे लक्षण गेले! सार्वभौमत्व म्हणजे काय, हे वेस्टफालियाच्या १६४८च्या तहापेक्षा या एका कलमातून आमच्या विद्यार्थ्यास लवकर कळेल. वेस्टफालिया शिकवू नये असे नाही; तो आधी नको, एवढेच.

याहून जुना पुरावा आज्ञापत्रात आहे. १७१५च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या या ग्रंथात टोपीकरांविषयी जे लिहिले आहे, ते केवळ सावधगिरीचे बोल नव्हेत. हे व्यापारी इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, मुलुखाचा लोभ आहे, आरमार व तोफा हे त्यांचे बळ आहे. म्हणून त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, असे तेथे बजावले आहे. व्यापार आणि सत्ता यांचे नाते ओळखणारे इतके नेमके गद्य मराठीत त्या काळी होते. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द इंग्रजीत जेरेमी बेंथॅमने घडवला तो त्याच शतकाच्या उत्तरार्धात, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

आमच्या वर्गात मात्र आज्ञापत्र भाषाशैलीपुरते येते. फारसी शब्द मोजायचे, वाक्यरचना पाहायची आणि पुढच्या ग्रंथाकडे वळायचे. शेजारच्या राज्यशास्त्राच्या वर्गात ते पोचतच नाही. दोन्ही वर्गांमध्ये भिंत एकच आहे; येत्या सत्रात टोपीकरांचे ते प्रकरण दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवून वाचायचे आम्ही ठरविले आहे.