अंधाराचे भय आणि ग्राहकाचा अधिकार

विजेचे देयक थकले आहे, आज रात्री साडेनऊ वाजता पुरवठा खंडित होईल, तरी सोबतच्या क्रमांकावर तातडीने संपर्क साधावा, अशा आशयाचे लघुसंदेश २०२२ च्या सुमारास देशभर फिरू लागले. त्या क्रमांकावर फोन केला की पलीकडची व्यक्ती अत्यंत अदबीने बोलते, एखादे ॲप भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यायला सांगते, नाममात्र रक्कम भरायला लावते आणि पाहता पाहता बँकेतील आयुष्यभराची पुंजी नाहीशी होते. या जाळ्यात सापडलेल्यांमध्ये सुशिक्षित, निवृत्त आणि व्यवहारात चोख माणसेही आहेत.

ही फसवणूक इतर फसवणुकींहून वेगळी आहे. लॉटरीच्या वा दामदुपटीच्या आमिषाला बळी पडणाऱ्याच्या मनात लोभाचा अंश तरी असतो. येथे मात्र ज्याला बिल थकविण्याची लाज वाटते, तोच बळी पडतो. घरात रुग्ण आहे, मुलांची परीक्षा आहे, आणि रात्री अंधार होणार या कल्पनेने तो गांगरतो. भामट्याचे भांडवल दोनच गोष्टींचे असते : ग्राहकाचा प्रामाणिकपणा आणि कायद्याविषयीचे त्याचे अज्ञान. त्यात तिसरी गोष्ट मिळते ती वीज कंपनीच्या सेवाव्यवस्थेकडून. खऱ्या कार्यालयाचा फोन पुष्कळदा लागत नाही, भामट्याचा मात्र पहिल्याच घंटीला लागतो!

कायदा काय सांगतो?

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार, देयक थकले तरी वितरण कंपनीला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. नोटीस कोणत्याही मार्गाने येवो, मुदत पंधरा दिवसांचीच. म्हणजे ‘आज रात्री वीज तोडू’ ही धमकीच तो संदेश खोटा असल्याची खूण आहे. कायद्यातील हे एक वाक्य घरोघरी माहीत असते, तर या टोळ्यांचा धंदा पहिल्याच महिन्यात बसला असता.

याच कलमात आणखी एक संरक्षण आहे. देयकाच्या रकमेविषयी वाद असेल, तर मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या देयकांच्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास, वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तसेच एखादी थकबाकी प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. ती सातत्याने देयकात दाखविली गेली असेल, तरच याला अपवाद. असे असूनही ‘आधी बिल भरा, मग तक्रार करा’ हे खिडकीपलीकडून येणारे उत्तर अंतिम मानून कितीतरी कुटुंबे उसनवारी करून अवास्तव रकमा भरतात.

ओळखीकडून क्रमांकाकडे

१९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात गावातील वायरमन सर्वांच्या ओळखीचा असे. फ्यूज उडाला, तार तुटली की त्याच्या घरी निरोप जाई. त्या व्यवस्थेत विलंब होता, वशिला होता आणि कधी चिरीमिरीही होती. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी अस्तित्वात आली आणि यथावकाश ग्राहकसेवा केंद्र, संकेतस्थळ व ॲप आले. १९१२ हा वीज तक्रारींसाठीचा क्रमांक कोठूनही फिरविता येतो. तक्रार नोंदली जाते आणि तिला क्रमांक मिळतो. हे स्वागतार्हच आहे. वशिला नसलेल्या माणसाला यंत्राने समान रांगेत आणून उभे केले, हा लाभ लहान नाही.

परंतु यंत्र तक्रार नोंदविते, तिचे समाधान माणसानेच करावे लागते. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश येतो आणि प्रत्यक्षात मीटर होता तसाच असतो, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. कागदोपत्री निकाली निघालेली तक्रार न नोंदलेल्या तक्रारीहून अधिक घातक असते, कारण ती व्यवस्थेच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही.

२०२० च्या उन्हाळ्याने याचा धडा दिला. टाळेबंदीमुळे मार्चअखेरीस मीटर वाचन थांबले. आधीच्या, म्हणजे हिवाळ्यातील, सरासरी वापरावर देयके दिली गेली. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले, तेव्हा सर्व जण घरीच असलेल्या भर उन्हाळ्याचा वापर एकदम देयकात उतरला आणि राज्यभर संतापाची लाट उसळली. काही देयके खरोखर चुकीची होती, तर अनेक बरोबरही होती. एकत्रित वापर महिन्यांमध्ये विभागून त्या त्या टप्प्याचा दर लावला आहे काय, आधी भरलेली रक्कम वजा केली आहे काय, एवढे दोन प्रश्न तपासले की खरे-खोटे कळत होते. पण हे समजावून सांगणारे माणूस ग्राहकाला वेळेवर भेटले नाही. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क ही देयकावरील शब्दावली मराठीत असली, तरी सामान्य कुटुंबाला ती उलगडून सांगणारा कोणी नसतो. ग्राहकसेवेचे अर्धे काम हे समजावणीचे असते, याचा विसर पडला की शंकेचे रूपांतर संशयात आणि संशयाचे संतापात होते.

तक्रारीच्या पायऱ्या

तक्रार कोठे न्यावी, याची व्यवस्था कायद्यानेच केली आहे. प्रथम कंपनीच्या कार्यालयात वा तक्रार निवारण कक्षात अर्ज, तेथे समाधान न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याही पुढे विद्युत लोकपाल. मंच व लोकपाल यांची तरतूद २००३ च्या अधिनियमातील कलम ४२ मध्ये आहे. राज्यात मुंबई व नागपूर येथे लोकपालांची कार्यालये आहेत. मंचापुढे वकील देणे अनिवार्य नाही. ग्राहक स्वतः आपली बाजू मांडू शकतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी अहोरात्र चालणाऱ्या निःशुल्क सेवा केंद्राचे बंधन कंपन्यांवर घातले. २०२४ च्या दुरुस्तीने, मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास पाच दिवसांत पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसविण्याची तरतूद केली.

मात्र अधिकार कागदावर असून भागत नाही, तो बजावण्यासाठी ग्राहकाचीही सिद्धता लागते. आजही असंख्य घरांची वीजजोडणी दिवंगत वडिलांच्या वा पूर्वीच्या मालकाच्या नावे असते आणि नोंदलेला भ्रमणध्वनी भलत्याचाच असतो. खरी नोटीस त्या भलत्याकडे जाते आणि खोटा संदेश घरात येतो. नाव बदलून घेणे, स्वतःचा क्रमांक नोंदविणे, बारा अंकी ग्राहक क्रमांक टिपून ठेवणे, दरमहा देयकावरील मीटर वाचन प्रत्यक्ष मीटरशी ताडून पाहणे आणि प्रत्येक तक्रार लेखी करून तिची पोच जपणे, ही कामे वर्षातून चार तास मागतात. ते चार तास न देणाऱ्याला पुढे चार महिने खेटे घालावे लागतात.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब हजारोंनी आडवे केले, तेव्हा कर्मचारी भर पावसात, महामारीच्या सावटात दिवसरात्र राबत होते. खिडकीमागचा कारकून किंवा सेवा केंद्रातील तरुणी दर ठरवीत नाही, देयकही ती छापत नाही. तिच्यावर आवाज चढविल्याने मीटर दुरुस्त होत नाही. दृढ आणि मुद्देसूद भाषा, सोबत कागद, हे आरडाओरडीपेक्षा कितीतरी परिणामकारक शस्त्र आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. आधी समाज जागा झाला आणि मग कायदा आला, हा त्या चळवळीचा क्रम होता. आज क्रम उलटा झाला आहे. कायदे आहेत, मंच आहेत, लोकपाल आहेत, आणि समाज मात्र रात्री साडेनऊच्या भयाने भामट्याला फोन लावतो आहे.

ही दरी बुजविण्यासाठी मोठ्या निधीची वा आंदोलनाची आवश्यकता नाही. प्रत्येक वस्तीत वा गृहसंकुलात महिन्यातील एक सायंकाळ ‘देयक वाचन’ म्हणून ठरविता येईल. देयक वाचू शकणारा एक कार्यकर्ता, एक टेबल आणि अर्जाचे नमुने एवढेच साहित्य पुरे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांचा क्रमांक नोंदवून द्यावा, पंधरा दिवसांच्या नोटिशीचा नियम मोठ्या अक्षरात लिहून मीटरपेटीजवळ लावावा. महाविद्यालयीन तरुणांना सेवाकार्याचा याहून सोपा श्रीगणेशा मिळणार नाही. गाऱ्हाणे निवारण मंचावर ग्राहक संघटनेच्या प्रतिनिधीला स्थान आहे. त्या स्थानासाठी अभ्यासू माणसे घडविणे, हे त्यापुढचे पाऊल.

वीज कंपन्यांनीही एक पथ्य पाळावे. ग्राहकाने मान्य केल्याशिवाय तक्रार निकाली निघाल्याची नोंद करू नये आणि फोनवर आठ कळा दाबल्यानंतर तरी त्याला जिवंत माणूस भेटावा. खऱ्या सेवेचे दार सहज उघडत असेल, तर खोट्या दारावर थाप मारायला कोणी जाणार नाही.