पाना कुणाच्या हाती?



तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. शिबिरांत ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल! परवा वस्तीतल्या एका आठवीच्या मुलीनं विचारलं, "ताई, पंक्चर झाली की त्या काय करायच्या?" मी गप्प.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. पंक्चर झाली की ती भिंतीला टेकते. दुकानापाशी पोरांचा अड्डा, पैसे वडिलांकडे मागायचे. "आज राहू दे शाळा." असे आज वाढत जातात.

म्हणून आता दर रविवारी केंद्राच्या ओट्यावर सायकल उलटी करतो. टायरची कड रिमबाहेर काढायची, ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात फिरवायची. बुडबुडे येतील तिथे भोक. जागा कोरडी करून घासायची, सोल्युशन लावून वाळू द्यायचं, मग पॅच दाबायचा. घाई नडते, माझे पहिले दोन पॅच निघाले. टायरच्या आत जपून बोट फिरवायचं, नाहीतर काटा तिथेच असतो.

कुकरची रिंग, शिलाई मशीनचा पट्टा बाई घरच्या घरी बदलते. त्याला दुरुस्ती कुणी म्हणत नाही, तीसुद्धा नाही.

"शिकून काय दुकान टाकणार?" एका आईनं विचारलं.

"टाकीन की," मुलगीच म्हणाली.

केंद्राला पाने आणि एक पंप हवा आहे. घरी पडून असतील तर पाठवा.