गोळी थांबली, तर शरीरात काय होते?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सत्तांतर झाले आणि पहिल्याच दिवशी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी रोखण्याचा आदेश निघाला. त्यात ‘पेपफार’ हा एड्सविरोधी कार्यक्रमही सापडला. जॉर्ज बुश यांच्या काळात, २००३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या आधारावर जगभरातले, मुख्यतः आफ्रिकेतले, सुमारे दोन कोटी एचआयव्हीबाधित उपचार घेत होते. जीवरक्षक औषधांना काही दिवसांत सूट मिळाली खरी. पण तोवर अनेक ठिकाणी दवाखान्यांना कुलपे लागली होती आणि कर्मचारी घरी बसले होते. सरकारी कागदावर ही ‘तात्पुरती स्थगिती’ होती. रुग्णाच्या रक्तातल्या विषाणूसाठी मात्र ती मोकळीक होती. असे का, हे समजण्यासाठी एचआयव्ही शिरल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा काय करते ते पाहावे लागते.

‘एड्समध्ये प्रतिकारशक्ती संपते’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडले आहे, की ही यंत्रणा पहिल्या दिवसापासून हात टेकते असा समज झाला आहे. घडते उलटेच. लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणूंची संख्या झपाट्याने वाढते, एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्याही पुढे जाऊ शकते. याच काळात अनेकांना ताप येतो, घसा धरतो, अंगावर पुरळ उठते आणि ‘व्हायरल असेल’ म्हणून ते सोडून दिले जाते. मग सीडी-८ नावाच्या मारेकरी पेशी कामाला लागतात. बाधित पेशी हुडकून त्या नष्ट करतात आणि विषाणूंची संख्या खाली येते. प्रतिपिंडेही तयार होतात. नेहमीच्या तपासणीत शोधली जातात ती हीच. पण विषाणूला खरोखर निकामी करू शकणारी प्रतिपिंडे तयार व्हायला काही महिने लागतात आणि तेवढ्यात विषाणूचे बाह्यरूप पालटलेले असते. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू सतत चुका करतो आणि त्या चुकाच त्याच्या पथ्यावर पडतात.

यापेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे. या सगळ्या लढाईचे सूत्रसंचालन सीडी-४ पेशी करतात आणि एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो. त्यातही सुस्त पेशींपेक्षा लढायला सज्ज झालेल्या पेशींत तो अधिक जोमाने वाढतो. म्हणजे शरीराने जितकी कुमक पाठवावी, तितके विषाणूला नवे घर! आतड्याच्या अस्तरात अशा पेशींची मोठी वस्ती असते. तिचा बराचसा भाग पहिल्या काही आठवड्यांतच उद्ध्वस्त होतो. मग आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात आणि प्रतिकारयंत्रणा कायमची तणावाखाली राहते. सॅन फ्रान्सिस्कोतील वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की लसिका ग्रंथींच्या ऊतींमध्ये मरणाऱ्या बहुतेक सीडी-४ पेशींत विषाणूची वाढ झालेलीच नसते. विषाणूचा शिरकाव अर्धवट राहतो, पेशीला धोक्याची चाहूल लागते आणि ती दाह पसरवत स्वतःला संपवते. त्या दाहामुळे आणखी सीडी-४ पेशी तिथे ओढल्या जातात. एचआयव्हीने होणाऱ्या हानीचा मोठा वाटा असा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिसादातून येतो.

एआरटीची गोळी हे चक्र थांबवते. नव्या पेशी बाधित होत नाहीत, दाह कमी होतो, सीडी-४ची संख्या सावरते. काही बाधित पेशी मात्र त्याआधीच झोपी गेलेल्या असतात. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या या पेशी वर्षानुवर्षे शांत राहतात आणि त्यांच्या जनुकांत विषाणू दडून बसतो. औषधाला तो दिसत नाही, सीडी-८ पेशींनाही नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट सिलिसियानो यांच्या मोजणीनुसार हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. तो पूर्ण संपायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. गोळी बंद झाली, की यातली एखादी पेशी जागी होते आणि बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो.

अशी सुट्टी घेतली तर किती बिघडते, याचे उत्तर ‘स्मार्ट’ या चाचणीने २००६ मध्येच दिले आहे. तिच्यात ५,४७२ जण सहभागी होते. एका गटाला सलग औषधे दिली. दुसऱ्याची सीडी-४ संख्या ३५०च्या वर असताना बंद ठेवली आणि २५०च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू केली. दुष्परिणाम कमी होतील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुट्टी घेणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचे प्रमाण अडीच पटीहून अधिक निघाले. हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त होते. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. ‘तात्पुरती स्थगिती’ लिहिणाऱ्यांसाठी हा पुरावा जवळपास वीस वर्षे उपलब्ध होता.

भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत मिळते आणि तिचा खर्च केंद्र सरकार करते, त्यामुळे वॉशिंग्टनच्या आदेशाचा फटका इथे फारसा बसला नाही. पण खंड पडायला परकीय आदेशच लागतो असे नाही. जुलै २०२२ मध्ये डोल्युटेग्राविरसह काही औषधांच्या तुटवड्याविरोधात रुग्णांनी दिल्लीत ‘नॅको’च्या कार्यालयात आठवडेच्या आठवडे ठाण मांडले होते. महिन्याऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या मिळतात, ही त्यांची तक्रार होती. देशपातळीवर तुटवडा नाही, असे सरकारचे म्हणणे होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. देशाच्या गोदामात माल असूनही एखाद्या केंद्रावर तो वेळेत पोहोचत नाही आणि रोजंदारी बुडवून दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी दर वेळी तालुक्याहून जिल्ह्याला येणे प्रत्येकाला जमत नाही. स्थिर रुग्णाला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत म्हणूनच निव्वळ सोयीची बाब नाही.

लागण टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनची सध्या मोठी चर्चा आहे, तीही रास्त. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक आहे, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या २०२७ पासून १२० देशांसाठी ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये बनवणार आहेत. मात्र ही लस नव्हे. ती प्रतिकारयंत्रणेला काहीही शिकवत नाही, फक्त औषध शरीरात मुरवून ठेवते. पुढचे इंजेक्शन चुकले, तर औषधाचे प्रमाण हळूहळू घटत बरेच महिने रेंगाळते आणि त्या काळात लागण झाली, तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होण्याचा धोका असतो. म्हणजे चाळीस डॉलरच्या इंजेक्शनलाही सहा महिन्यांनी ठरल्या तारखेला उघडा असलेला दवाखाना लागणारच.