घड्याळ मनगटावर, हिशेब कोणाच्या हाती?

संगणकाविषयी श्रमिक चळवळीच्या आत आणि बाहेर दोन टोकांच्या भूमिका दीर्घकाळ नांदत आल्या आहेत. हे यंत्र माणसाच्या हातचे काम हिरावून घेणारे आहे, तेव्हा त्याला विरोध करणे एवढेच चळवळीचे कर्तव्य, ही पहिली भूमिका. दुसरी सुशिक्षित मध्यमवर्गात रूढ झाली. यंत्र लाच घेत नाही, पक्षपात करीत नाही, थकत नाही. म्हणून जेथे माणसाच्या जागी संगणक येईल तेथे कारभार आपोआप सुधारेल, अशी तिची श्रद्धा आहे. या दोन्ही भूमिका किती अपुऱ्या आहेत हे पाहावयाचे असेल तर नागपूरसारखे उद्बोधक उदाहरण नाही. या शहराच्या दक्षिणेला मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्यांची कार्यालये उभी राहिली आणि हजारो तरुण तेथे संगणकाला आज्ञा देण्याचे काम करू लागले. त्याच शहरात 2018 च्या सुमारास महानगरपालिकेच्या हजारो सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधण्यात आली आणि त्यांच्या पावलांचा हिशेब संगणक ठेवू लागला. आज्ञा देणारे आणि आज्ञा पाळणारे एकाच शहराच्या दोन टोकांना राहतात. पण त्यांच्यामध्ये संवाद नाही.

या घड्याळाचे कार्य प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. आकाशातील किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून ते आपले स्थान काढते आणि आतील सिमकार्डाच्या साहाय्याने ते कार्यालयातील संगणकाकडे पाठविते. तेथे नकाशावर प्रत्येक कामगाराचा एक ठिपका हलत असतो. त्याला नेमून दिलेल्या बीटाभोवती एक अदृश्य कुंपण आखलेले असते. ठिपका कुंपणाच्या आत असेल तर कामगार हजर. बाहेर गेला तर त्याची नोंद होते आणि ही नोंद थेट पगारापर्यंत जाऊन पोहोचू शकते.

या योजनेच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते, ते सर्वस्वी खोटे आहे असे मानण्याचे कारण नाही. हजेरीपटावर नाव एकाचे, रस्त्यावर मात्र कोणीच नाही, आणि मधला मलिदा तिसऱ्याच्याच खिशात, हा प्रकार महाराष्ट्रातील नगरपालिकांना अपरिचित नाही. या गैरव्यवहाराचे पहिले बळी प्रामाणिक कामगारच असतात, कारण गैरहजर असलेल्याचे काम अखेर त्यांच्याच अंगावर पडते. हजेरी लावण्यासाठी जमादाराची मर्जी सांभाळावी लागण्यापेक्षा यंत्राने हजेरी लावलेली बरी, असे एखाद्या कामगाराला वाटले तर त्यात नवल नाही. तेव्हा हजेरीची काटेकोर नोंद नको, असे कोणत्याही जबाबदार संघटनेला म्हणता येणार नाही.

परंतु नोंद ठेवणे निराळे आणि त्या नोंदीवरून निवाडा करणे निराळे. वादाचा मुद्दा नेमका येथे सुरू होतो. यंत्र निःपक्षपाती असते असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. यंत्राला स्वतःचे मत नसते हे खरे. पण ज्याने आज्ञावली लिहून घेतली त्याचे मत त्यात शिरलेले असते. कुंपण किती रुंद आखावयाचे? ठिपका किती मिनिटे बाहेर राहिला म्हणजे गैरहजेरी धरावयाची? संदेशच मिळाला नाही तर कामगार गैरहजर समजावयाचा की यंत्र बिघडले असे समजावयाचे? हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत. कोणीतरी माणसाने ते ठरविलेले असतात. मोकळ्या आकाशाखाली साध्या जीपीएस यंत्राची चूक चार-पाच मीटरांच्या आसपास असते. महाल, इतवारी किंवा गांधीबागेतील अरुंद गल्ल्यांत, उंच भिंतींवर संदेश आदळून परततात, तेथे ती याहून बरीच वाढते. म्हणजे कामगार झाडू घेऊन जागेवरच उभा असताना नकाशावरील ठिपका मात्र पलीकडच्या गल्लीत गेलेला असू शकतो. अशा वेळी खरा कोण मानावयाचा, माणूस की ठिपका?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो. पिण्याच्या पाण्यासाठी, सावलीसाठी, आणि विशेषतः स्त्री कामगारांना स्वच्छतागृहासाठी बीटाच्या बाहेर जावे लागते, कारण प्रत्येक बीटात स्वच्छतागृह असतेच असे नाही. शहराची घाण काढणाऱ्या स्त्रीला शहराने स्वच्छतागृह द्यावयाचे नाही आणि ते शोधण्यासाठी ती चार पावले बाहेर गेली की तिला कामचुकार ठरवावयाचे, हा न्याय कोणत्या संस्कृतीचा? ही घड्याळे आली तेव्हा बॅटरी लवकर संपते, घड्याळ घरी नेऊन भारित करावे लागते, यंत्राच्या दोषापायी पगार कापला जाण्याची धास्ती वाटते, अशा तक्रारी कामगारांनी बोलून दाखविल्या होत्या. घड्याळ घरी न्यावे लागले की कामाची वेळ संपली तरी पहारा संपला, याची खात्री कामगाराला कोण देणार? सफाईचे हे काम करणारे बहुसंख्य लोक दलित समाजातील आहेत. ज्यांच्या श्रमाकडे समाजाने शतकानुशतके तुच्छतेने पाहिले, त्यांच्याच प्रामाणिकपणाविषयी प्रथम संशय घ्यावासा वाटतो, ही गोष्ट केवळ तांत्रिक नव्हे.

वेळेचे बंधन कामगाराला नवे नाही. 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने नागपूरच्या अनेक पिढ्यांना घड्याळावर जगावयास शिकविले. परंतु गिरणीचा भोंगा सार्वजनिक असतो. तो मालकाला ऐकू जातो तसा कामगारालाही, चहाच्या टपरीवाल्यालाही आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकोलाही. पाळी लांबविली गेली की सगळ्या वस्तीला ते कळते आणि त्याविरुद्ध आवाज उठविता येतो. मनगटावरचे हे नवे घड्याळ मात्र बांधणाऱ्याच्या कानात सर्व काही सांगते आणि ज्याच्या हाताला बांधले त्याच्यापाशी मौन पाळते. आठ तासांच्या वर काम झाले का, हातमोजे आणि गमबूट वेळेवर मिळाले का, हेही त्याच संगणकात नोंदविता आले असते. मोजमाप कोणत्या दिशेने चालावयाचे, हा निर्णय राजकीय आहे.

नागपुरातील ऐवजदारांचा प्रश्न या संदर्भात विशेष विचारात घेण्यासारखा आहे. कायम कामगाराच्या ऐवजी काम करणारा तो ऐवजदार. आणि असे ऐवजी काम करता करता शेकडो लोकांचे आयुष्य सरले. कायम होण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षांच्या सेवेचा पुरावा द्यावा लागतो. ज्या यंत्राला त्यांची दहा मिनिटांची गैरहजेरी दिसते, त्याला त्यांची पहाटेपासूनची हजेरीही दिसत असते. ही नोंद ऐवजदाराच्या हाती पडली तर ती त्याच्या हक्काची सनद ठरेल. ती केवळ कार्यालयात राहिली तर त्याच्याविरुद्धचे आरोपपत्र ठरेल. यंत्र एकच, ठिपकाही एकच. नोंदीवर ताबा कोणाचा, एवढ्यावरच सारे अवलंबून आहे.

येथे जुन्या लढ्यांची आठवण उपयोगी पडते. 1969 साली केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते. पुढे बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 8 सप्टेंबर 1983 रोजी व्यवस्थापनाशी करार केला. यंत्रे कोणत्या कामासाठी व कोणत्या मर्यादेत वापरावयाची आणि ती चालविणाऱ्यास कोणता विशेष भत्ता मिळावयाचा, हे त्यात लेखी ठरले. त्या कर्मचाऱ्यांची तेव्हा प्रगतीचे शत्रू म्हणून पुष्कळ टवाळी झाली. वास्तविक त्यांनी यंत्र अडवून धरले नाही. यंत्राला वाटाघाटीच्या टेबलापाशी आणून बसविले. बँकेतील कारकुनाला जे मिळाले ते झाडूवाल्याच्या वाट्याला का येऊ नये?

समाजवादी चळवळीला आणखीही एका घटनेचा विसर पडता कामा नये. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भागभांडवलातील आपला वाटा कमी करण्यास आयबीएम कंपनीने नकार दिला आणि 1978 साली ती भारतातून निघून गेली. तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने सांभाळली आणि याच कंपनीने पुढे रेल्वे आरक्षणाची संगणक व्यवस्था उभी केली. परकीय मक्तेदारीवाचून देश अडत नाही, हे त्या अनुभवाने सिद्ध केले. परंतु मालकी बदलली की प्रश्न सुटला, अशी जी समजूत त्या काळी होती ती मात्र अपुरी ठरली आहे. नागपुरातील घड्याळ बांधणारा खासगी भांडवलदार नव्हता. ती नागरिकांच्या करावर चालणारी महापालिका होती. मालकी सार्वजनिक असूनही आज्ञावली बंद कपाटात राहिली तर कामगाराच्या दृष्टीने फरक तो काय?

या कपाटाची किल्ली मागणारे लोक जगात आहेत, आणि मौज अशी की ते प्रायः संगणकाचे निस्सीम भोक्तेच आहेत. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने 1983 साली मुक्त सॉफ्टवेअरचा पुकारा केला. आज्ञावली वापरणाऱ्यास ती वाचण्याचा, बदलण्याचा व इतरांस देण्याचा अधिकार असला पाहिजे, हे या चळवळीचे सूत्र. पुष्कळांनी त्याला हौशी तंत्रज्ञांचे खूळ मानले. परंतु बीटाचे कुंपण किती रुंद आहे हे विचारणारा सफाई कामगार आणि प्रोग्रॅमचा मजकूर दाखवा म्हणणारा तंत्रज्ञ, हे दोघे एकच मागणी दोन भाषांत करीत आहेत. ही मागणी अव्यवहार्य आहे असेही नाही. केंद्र सरकारने 2015 साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण जाहीर केले होते, आणि टीकेनंतर मे 2020 मध्ये आरोग्य सेतूच्या ॲपचा मजकूर लोकांपुढे ठेवला होता. दबाव आला की कपाटे उघडतात.

असा दबाव कष्टकरी स्त्रियांनीही आणून दाखविला आहे. 2021 साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजीतील पोषण ट्रॅकर यांना विटून आपले फोन सरकारला परत केले. पोषणाची नोंद ठेवण्यास त्यांचा नकार नव्हता; न कळणाऱ्या भाषेत आणि न चालणाऱ्या यंत्रावर ती ठेवण्याची सक्ती त्यांनी झुगारली. 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलवरून छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली, तेव्हा जेथे फोनला संपर्क मिळत नाही तेथे केलेल्या कामाची मजुरी कशी मिळावयाची, हा प्रश्न खेडोपाडी उभा राहिला. नागपूरचे घड्याळ हे या मालिकेतील एक पान आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. नागपूरचे शरद बोबडे त्या पीठावर होते. परंतु 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीवाचून वापरण्यास मालकाला वाव ठेवला आहे. म्हणजे दाराला कुलूप लावले, पण किल्ली मालकाकडेच दिली. उलट 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने, ब्रिटिश अमदानीतही, कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याला दंड करण्यास मनाई केली होती. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शिस्तीचे नवे नियम लागू करण्यापूर्वी कामगारांना नोटीस देण्याचे बंधन घातले आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही पूर्वसूचनेचे हे तत्त्व राहिले आहे. मनगटावर बांधलेले कुंपण हा शिस्तीचा नवा नियम नव्हे, असे कोण म्हणू शकेल?

तेव्हा घड्याळ फेकून द्या, ही घोषणा पुरेशी नाही. हजेरी मोजणारे कोणतेही यंत्र, मग ते मनगटावरचे असो की चेहरा ओळखणारे, संघटनेशी लेखी करार झाल्यावाचून लागू होता कामा नये. त्याचे सर्व नियम मराठीत हजेरीच्या जागी लावले पाहिजेत. प्रत्येक कामगाराला स्वतःची नोंद दरमहा हातात मिळाली पाहिजे. यंत्राच्या नोंदीवरून, माणसाने सुनावणी घेतल्याशिवाय, एक रुपयाही कापला जाऊ नये. पाळी संपताच पहारा बंद झाला पाहिजे. आणि जनतेच्या पैशातून घेतलेली आज्ञावली जनतेला वाचता आली पाहिजे.

हे घडवून आणण्यासाठी कार्यकर्त्यांना एक जुने काम नव्याने करावे लागेल. एके काळी कामगार संघटनांचे कार्यकर्ते कंपनीचा ताळेबंद वाचावयास शिकले, कारण नफा दडविला कोठे हे कळल्याशिवाय बोनस मागता येत नव्हता. आज पगार कोठे कापला गेला हे आज्ञावलीत दडलेले असते. माहिती अधिकाराखाली महापालिकेकडून कंत्राट आणि कपातीचे नियम मागविणे, ही पहिली पायरी. ते कागद समजावून सांगणारा तरुण मिहानच्या एखाद्या कार्यालयात नोकरी करीत असेल; आपल्या कामाचा वापर कोणाविरुद्ध होतो याची त्यालाही अस्वस्थता असेल. त्याला शनिवारी संध्याकाळी संघटनेच्या कार्यालयात बोलवावे आणि ऐवजदारांच्या शेजारी बसवावे.